खरं बोलण्याची शपथ

वर्ध्याच्या बाजूला साधेपणाचाही सोहळा होतो आणि त्याला मांडव लागतो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. गावाबाहेरच्या एका सेवाभावी संस्थेने म्हातारपणी भ्रम झालेल्या माणसांना सांभाळण्याचं शिक्षण देणारा बायकांचा वर्ग काढला होता. पहिली तुकडी शिकून बाहेर पडत होती. त्यातली एक बाई मला हवी होती, म्हणून मी समारंभाला गेलो. अध्यक्ष निगर्वीपणावर बराच वेळ बोलले. तेवढा वेळ एक कार्यकर्ता त्यांच्या चपला हातात घेऊन सावलीत उभा होता. सुताचे हार झाले. मग पांढऱ्या लुगड्यांतल्या बायकांनी हात पुढे करून शपथ घेतली. पहिलंच कलम होतं, 'मी रुग्णाशी कधीही खोटं बोलणार नाही.' मांडवात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वाक्य चांगलंच होतं.

बाई हवी होती आईसाठी. वडील पुलगावच्या मिलमध्ये होते. ते गेल्यावर आई आमच्याकडे वर्ध्याला आली आणि हळूहळू एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली. आधी चहात मीठ, मग घराची वाट, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. यापेक्षा जास्त माहिती तेव्हा त्यांच्याकडेही नव्हती. मी कॉलेजात, बायको कन्याशाळेत. दिवसभर आईपाशी कोण?

हिंगणीकडची एक तरुण बाई आमच्याकडे आली. हसरी, हाताने हलकी. आईला चिडू न देता आंघोळ घाली, वेणी घाली, समोर बसून जेवू घाली. वर्गात काहीतरी नीट शिकवलेलं दिसतं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. संस्थांबद्दल मी सहसा असं बोलत नाही.

मग एकदा बायको आईच्या हातांना तेल लावत होती आणि तिने मला हाक मारली. दोन्ही मनगटं काळीनिळी झाली होती. एका ठिकाणी कातडं सोललेलं. आई हात मागे ओढून घेत होती.

"बांधून ठेवते ती," बायको म्हणाली.

मलाही तेच वाटलं. आमच्याच गल्लीत एका म्हाताऱ्याला त्याची मुलं धोतराने खाटेला बांधून कामावर जात. गल्लीला त्यात वावगं वाटत नसे. उलट मुलं काळजी घेतात असं म्हणत. पण ही शिकलेली बाई होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारचा तास सोडून न सांगता घरी आलो आणि मागच्या दाराने आत शिरलो.

आई मोकळी होती. खाटेवर बसून ती बाईला विचारत होती, "हे कुठी गेले वो? अजून आले नाई."

"आजी, ते वारले," बाई म्हणाली. अगदी हळू, गोड आवाजात. आईचा हात हातात घेऊन. शिकवल्याप्रमाणे.

आईचा चेहरा माझ्या बाजूला होता. तिला ही बातमी त्या क्षणी कळली होती. वडील गेले त्या दिवशी पुलगावच्या घरात जो आवाज मी ऐकला होता, तोच तिच्या घशातून आला. ती उठली, दाराच्या चौकटीपाशी गेली आणि दोन्ही मनगटं लाकडावर आपटू लागली. आधी मला कळलंच नाही ती काय करते आहे. मग कळलं. ती बांगड्या फोडत होती. हातात बांगड्या नव्हत्या. कित्येक वर्षं नव्हत्या. त्यामुळे त्या फुटत नव्हत्या आणि ती आपटत राहिली होती.

मी तिला धरलं. बाई रडत होती.

"तू हे रोज सांगतेस?"

"त्या इचारते तवा सांगतो, सर. इचारते बी किती येळा."

"आणि ती असं करते, ते मला का नाही सांगितलंस?"

"वर्गात सांगतलं होतं, आधी रडतीन, मंग मान्य करतीन. धीर सोडू नका म्हने. म्या सोडला नाई." तिने डोळे पुसले. "खोटं कसं बोलू? शपथ घेतली ना. तुमी बी होते, टाळ्या वाजवून राह्यलते."

एव्हाना आई शांत झाली होती. स्वतःच्या मनगटांकडे तिने नवलाने पाहिलं आणि मला म्हणाली, "काऊन रे, हे अजून आले नाई?"

मी सायकल काढली आणि तडक संस्थेत गेलो. संचालक टकळीवर सूत काढत बसले होते. सगळं ऐकेपर्यंत त्यांचा धागा तुटला नाही, याचंच मला जास्त वाटलं.

"सत्य कडूच असतं," ते म्हणाले. "आईंना ते पचवायला मदत करा."

"पचायला ते आधी पोटात राहावं लागतं. आई दिवसातून किती वेळा विधवा होते आहे, कळतं का तुम्हाला?"

"मग काय, मी या मुलींना असत्य शिकवू?"

बाई बदलून देतो, असं ते उदारपणे म्हणाले. दुसरीही याच वर्गातली असणार होती.

रविवारी आम्ही सगळे घरात होतो. बाई चुलीपाशी बसली होती. आईने तिला पुन्हा विचारलं आणि बाईने माझ्याकडे पाहिलं. रविवारी मिल बंद असते, म्हणून मी दुसरंच उत्तर ठरवून ठेवलं होतं.

"वावरात गेलेत," मी म्हणालो.

"आमचं वावर कुठी हाये रे?" आई उसळून म्हणाली. "लबाडा!" ती खाटेवरून उठू लागली.

बायको पटकन पुढे झाली. "आई, ते रोज कुठी जाते?"

"मिलमधी."

"खायाले काय आवडते त्याईले?"

आई थांबली. चौकटीकडे न जाता ती चुलीकडे वळली. "भाकर. गरम लागते. ठंडी चालत नाई." आणि बाईला म्हणाली, "तू बसून काय राह्यली? टाक ना."

बाईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. भाकरी थापणं शपथेत कुठे बसतं, हे तिला कळेना. मलाही कळेना. "टाक," मी म्हणालो.

भाकरी झाली. आईने स्वतः पाट मांडला, ताट वाढलं, ठेचा ठेवला आणि वाट पाहत उभी राहिली. भाकरी निवत चालली तसा तिचा चेहरा बदलू लागला. तिचा हात मनगटाकडे गेला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी जाऊन पाटावर बसलो.

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "लय उशीर केला तुमी."

चुलीपाशी बाईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. बायकोने तोंड फिरवलं.

"हो," मी म्हणालो आणि भाकरीचा तुकडा मोडला.