सरांची मतं

अवसरीहून मंचरला कॉलेजात शिकवायला जायची तेव्हा माझ्या पिशवीत कायम कोरी कार्डं असायची. आत्मा आहे का, या एका प्रश्नावर चार्वाक काय म्हणाले, बौद्ध, जैन, नैयायिक, ग्रीक काय म्हणाले, ते मी एकेका कार्डावर उतरवायची. खाली ग्रंथ आणि पान. मग प्रश्नांप्रमाणे गठ्ठे. नऊ वर्षांत बुटांची बावीस खोकी भरली.

आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांच्याकडे मी एम.ए. शिकले त्या सरांनीच, ती खोकी वाचायला म्हणून नेली आणि वर्षभरानं परत दिली. दोन वर्षांनी त्यांच्या नावावर जाडजूड ग्रंथ आला. गठ्ठ्यांचा क्रम माझा, भाषांतरं माझी. एका जैन मतातला 'नाही' माझ्या हातून राहून गेला होता, तो ग्रंथातही राहिलेला. जाब विचारायला गेले तर सर शांतपणे म्हणाले, "अगं, मतं गोळा करणं हे कारकुनी काम. विचार माझा आहे."

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सोडून दे. लई मोठा माणूस हाय तो."

मी सोडलं नाही. नवं खोकं घेतलं आणि सरांचीच मतं नोंदवायला लागले. एम.ए.च्या वह्या, त्यांचे पेपरातले लेख, व्याख्यानांची रेकॉर्डिंग. दीड वर्ष. इतक्या आवडीनं मी एकाही तत्त्ववेत्त्याला वाचलं नव्हतं.

सरांच्या निवृत्तीच्या सत्कारात मला जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलायला सांगितलं. मी कार्डं काढली. प्रश्न पहिला, संकलन. मला म्हणाले ते: कारकुनी काम. ग्रंथाच्या प्रस्तावनेत: माझ्या आयुष्याची तपश्चर्या. प्रश्न दुसरा, दुसऱ्याचं लेखन. आमच्या वर्गात: नाव न देता एक ओळ घेतली तरी ती चोरी. मग ग्रंथातलं एक पान वाचलं आणि त्याच मजकुराचं, माझ्या अक्षरातलं, शाई उडालेलं कार्ड वर धरलं. माझं असं एक वाक्यही मी घातलं नाही. आधी हसणारे लोक आता सरांकडे बघायला लागले. सर म्हणाले, "बस आता."

"अजून आहेत, सर," मी म्हणाले आणि सगळी वाचली.

त्यानंतर पंगतीत मी पोटभर जेवले. जिलेबी दोनदा घेतली.

ग्रंथावर माझं नाव आजही नाही. पण सरांना कुणी व्याख्यानाला बोलावत नाही. मध्यंतरी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. माझ्या मतांचं ते खोकं मला देशील का, असं त्यांनी विचारलं.

"कशाला? छापायला?" मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मला जराही वाईट वाटलं नाही.