शेठचं स्टेडियम आणि मानाची जोडी

गावाचं नाव सांगत नाही. सौंसरवाले म्हणतात हा किस्सा पांढुर्ण्याकडचा, पांढुर्ण्यावाले म्हणतात सौंसरकडचा, आणि दोघंही छातीवर हात ठेवून खोटं बोलतात. मी सांगतो तेवढंच खरं. कुठं तिखट जास्त पडलं असेल तर तो धंद्याचा गुण समजा. मी भजेवाला आहे.

आमच्या बाजारचौकात एक कडूनिंब होता. त्याच्या बुडाशी माझ्या बापाची भट्टी, बापानंतर माझी. माझं मिरचीभजं असं, की एकदा कावळ्यानं एक उचललं आणि तो जो उडाला तो थेट बैतुलात उतरला. तिकडून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं, अजून पाणी मागून राहिला म्हणून. त्या चौकात आठवडी बाजार भरायचा, संध्याकाळी पोरं कबड्डी खेळायची आणि पोळ्याला साऱ्या पंचक्रोशीचे बैल तिथंच तोरणाखाली उभे राहायचे. दर बाजाराला पालिकेचा माणूस बैठकी घ्यायला यायचा. बैठकी म्हणजे बाजारात बूड टेकवल्याचा कर. भाजीवाली द्यायची, मडकेवाला द्यायचा, मी द्यायचो. वरून घरपट्टी, नळपट्टी, दिवाबत्तीची पट्टी. आमच्या गल्लीच्या खांबावर दिवा नव्हता, चिमणीचं घरटं होतं. पण पट्टी होती. आम्ही कुरकुरत भरायचो, कारण वाटायचं, चौक आपला आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत मोठे खेळ झाले, आणि आमच्या गावचा संत्र्याचा सगळ्यात मोठा व्यापारी नागपूरला व्याह्याकडे जाऊन ते रंगीत टीव्हीवर पाहून आला. आला तो डोक्यात स्टेडियम घेऊनच. त्याला सारे शेठच म्हणत, मीही शेठच म्हणतो. शेठनं क्रीडा मंडळ काढलं. अध्यक्ष स्वतः, सचिव त्याचा साळा, आणि खजिनदार म्हणून बायको, जी बिचारी कधी अंगणाच्या बाहेर आली नव्हती. या तिघांत कबड्डीचं मैदान आयुष्यात कोणी तुडवलेलं असेल तर ते साळ्यानं, तेही शॉर्टकट म्हणून.

पालिकेनं ठराव केला. चौक मंडळाला, शेठच्या पणतवंडांची लग्नं होईस्तोवर पुरेल एवढ्या मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. भिंत, पायऱ्या, दरवाजा, दरवाजाशेजारची दुकानं हे सारं पालिका बांधणार, म्हणजे आमच्या पट्ट्यांतून आणि बैठकीतून. तिकिटं आणि दुकानांचं भाडं मंडळ घेणार. बाजार नाल्यापलीकडे जाणार. याला ते ‘चौकाचा कायापालट’ म्हणत. काया आमची होती, पालट शेठच्या घरी जाणार होता.

त्या सभेत मी उठलो. म्हटलं, “साहेब, भित आमच्या पैशाची, तर आत जायले तिकीट कायले?”

शेठ बसल्या जागेवरून बोलला, “अरे भाऊ, खेलाचा विकास होऊन राहिला. तू भजे तळ न.”

सारी सभा हसली. माझ्याकडे उधारीवर आलूबोंडे खाणारेसुद्धा हसले. ते हसू मी तसंच घरी आणलं आणि लिंबाच्या लोणच्यासारखं मिठात घालून ठेवलं. लोणचं जितकं जुनं, तितकं अंगात भिनतं.

दुसऱ्या दिवशी शेठ भट्टीवर आला. गोड बोलायला लागला, तेव्हाच मी खिसा चाचपायला हवा होता. “तू कायले नाराज होतं? दरवाजाजवळचं पहिलं दुकान तुलेच देतो. पक्कं, शटरवालं. निंबाखाली धूर खाण्यापरीस बरं.” मी हो म्हणून मान हलवली. दोन दिवसांत निंब तोडला. तो पडला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून लोधीखेड्यात लोक घराबाहेर आले म्हणतात. मी भट्टी उचलून नाल्यापलीकडे गेलो. तिकडे चिखल असा, की एका गिऱ्हाइकाची चप्पल रुतली ती दुसऱ्या बाजाराला वर आली. आणि तिथंही बैठकीवाला आला! घोट्याएवढ्या चिखलात उभा राहून हात पुढे. भाजीवाली म्हणाली, “बावा, बूड टेकवाले जागा तर दाखव पहिले, मंग बैठकी घे.”

मग बातमी आली की पहिलं दुकान साळ्याला. तो तिथं रेडिओ-टीव्हीचं दुकान टाकणार. मी शेठच्या गादीवर गेलो.

“शेठजी, माझं दुकान?”

“कोणतं दुकान?”

“तुमी बोलले होते न, निंबाखाली.”

शेठनं पान लावता लावता वर पाहिलं. “लिखके दिया था क्या?”

बस. एवढंच. गादीवरचा मुनीमही हसला. मी घरी आलो. माझी घरची बेसन चाळत होती. म्हणाली, “तोंड पाडून काय बसले? त्याच्या घरी भजे जाते न रोज? घाला न मिरच्या.”

“मिरचीचा बदला सकाळपर्यंत उतरते,” मी म्हटलं. “मले असा पायजे का साऱ्या गावानं उभं राहून पाहावा.”

“मंग डोकं चालवा. बैलावानी रवंथ काय करून राहिले?”

बैल! तिनं सहज म्हटलं, पण माझ्या डोक्यात दिवा लागला. आमच्या खांबावर कधी लागला नाही, असा.

शेठचं घराणं व्यापाराचं. बैलाची दोरी त्याच्या हाती कधी आली नाही. पोळा पाहायचा तो माडीवरून, खुर्ची टाकून. त्याला एवढंच दिसायचं की खाली बैलांची गर्दी आहे. जोडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी जोडी तोडत नाहीत. आदल्या संध्याकाळी हळद-लोणी लावून खांदे शेकले, की जोडीचे बैल एकमेकांच्या अंगाला अंग लावूनच चालतात, तोरणाखाली तसेच उभे राहतात, तसेच घरोघर पूजेला जातात. एक पुढे, एक मागे असं कोणी नेलं तर म्हातारी माणसं त्याच्या दारात पाणी पीत नाहीत. आणि मानाच्या जोडीच्या शिंगांवर तर लाकडी मखर असते, चांगली माणसाएवढी. पाटलाची मखर तर एवढी, की दरसाल तिच्यात एखादी पतंग अडकून येई.

आणि शेठनं जाहीर केलं होतं की यंदाचा पोळा स्टेडियमात. छिंदवाड्याहून मोठे साहेब येणार. खुर्च्यांना तिकीट.

मी रोज कढईतले गरम भजे घेऊन बांधकामावर जायला लागलो. शेठ छत्रीखाली उभा असायचा, मिस्त्री सूत धरून पाया आखायचा. नकाशात मधोमध ट्रक जाईल एवढा दरवाजा होता आणि दोन्ही बाजूंना एकेक दुकान.

“शेठजी,” मी म्हटलं, “झालं ते झालं. मी काही मनात नाही ठेवत. पण साळेसाहेबाच्या भल्याचं सांगतो. शटर लावलं, टीव्ही मांडले, मंग काउंटर कुठं? गिऱ्हाईक काय रस्त्यावरून पाहीन?”

शेठनं भजं खाल्लं. विचार केला. “मिस्त्री, दुकान हातभर वाढव.”

दुकान वाढलं ते दरवाजाच्या अंगानं, कारण दुसऱ्या अंगाला शेठच्याच मावसभावाचं घर होतं. दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. “असं एका बाजूनं वाढवलं तर लंगडं दिसते न, शेठजी. दुसरंबी वाढवा.” वाढलं. मग म्हटलं, “एवढं मोठं झालं तर मधात भित टाका न, एकाचे दोन होतीन. भाडं दुप्पट.” भाडं हा शब्द ऐकला की शेठच्या कानाच्या पाळ्या हलायच्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दोन दुकानं करायची तर आणखी थोडी रुंदी पाहिजे. ती कोण देणार? दरवाजा बिचारा. ट्रकचा दरवाजा जीपचा झाला, जीपचा गाडग्या-मडक्यांच्या हातगाडीचा झाला. मी आणखी आठवडाभर भजे नेले असते तर शेठला स्वतःला आडवं होऊन आत जावं लागलं असतं.

मिस्त्री एकदा बोललाच, “शेठजी, फाटक लहान होऊन राहिलं.”

“आदमी अन् बैलच येतीन न, हत्ती थोडा?”

“हाव न,” मी म्हटलं, “हत्ती कायले येते?”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या घरी दोन बैल होते. त्यानं द्रोणातलं आणखी एक भजं उचललं, तोंडात टाकलं आणि सूत आणखी चार बोटं आत ओढलं.

पोळ्याच्या दिवशी आभाळ उघडलं होतं. बोरगावाकडच्या, नाल्याकाठच्या, साऱ्या जोड्या बेगड लावून, झुली घालून आल्या. आत शेठ, साहेब, खुर्च्या, आंब्याच्या पानांचं तोरण, लाऊडस्पीकर. बाहेर आम्ही आणि बैल. वाजंत्री वाजवत पाटलाची मानाची जोडी दरवाजाशी आली. आणि थांबली. डावा बैल आत शिरेना, कारण उजवा बाहेर राहत होता. उजवा आत घातला तर डाव्याचा खांदा शेठच्या नव्या शटरवर घासत होता. मागं जोड्यांची रांग नाल्यापर्यंत.

साळा धावत आला. “काय तमाशा लावला? एकेक करून घाला न!”

म्हातारा पाटील काठी टेकत पुढे झाला.

“काय बोलला?”

“एकेक करून...”

“तुया लग्नात नवरीले एका वर्षी आणलं होतं अन् तुले दुसऱ्या वर्षी? पोळ्याच्या दिवशी जोडी तोड म्हणते, अन् वरून कोट घालते?”

साळ्यानं तरीही बैलाची वेसण धरली. बैलानं मान नुसती झटकली. मखर वर गेली, ‘स्वागतम्’ लिहिलेलं कापड तिच्यात अडकलं आणि फाटून बैलाच्या पाठीवर झुलीसारखं पडलं. साळा चिखलात बसला. बैठकी न देता.

आतून शेठ लाऊडस्पीकरवर ओरडत होता, “बैल पाठवा! साहब इंतजार करून राहिले!”

आता माझी पाळी होती. पोळ्यात आमच्याकडे झडती म्हणतात. तोरणासमोर कोणीही उभं राहून चार ओळी जोडतो, आणि त्यात सावकारापासून सरपंचापर्यंत कोणालाही झोडपता येतं. ज्याच्यावर झडती, त्यानं चिडायचं नाही. झडतीनंच उत्तर द्यायचं, नाहीतर चूप बसायचं. मी साळ्याच्या दुकानाच्या पायरीवर चढलो आणि मिठातलं लोणचं बाहेर काढलं:

“घरपट्टी आमची, नळपट्टी आमची,
सिमिटाची गोणी अन् गिट्टी आमची,
चाबी शेठची, गल्ला शेठचा,
बैलानं पुसलं, हा रस्ता कोठचा?”

“हर बोला, हर हर महादेव!” साऱ्या रांगेनं असा गजर केला की आतल्या खुर्च्या हलल्या. आणि मग हसू सुटलं. त्या सभेत हसलेले सगळे तिथं होते, तेच दात, पण आता तोंड दुसरीकडे. मी आणखी म्हटलं, दुकानांवर म्हटलं, निंबावर म्हटलं, चिखलातल्या बैठकीवर म्हटलं. घसा बसेपर्यंत म्हटलं. शेठ दरवाजात आला. त्याला उत्तर द्यायचं होतं. पण झडती येत नव्हती, आणि नुसतं बोलायला सुरुवात केली की पोरं ओरडायची, “जोडून बोला, शेठजी, जोडून!”

पाटलानं काठीनं नाल्याकडे दाखवलं. जोड्या वळल्या. कोणीतरी आत जाऊन तोरण सोडून आणलं आणि माझ्या टपरीच्या लाकडी बल्लीपासून समोरच्या बाभळीपर्यंत बांधलं. तोरण तुटलं आणि पोळा माझ्या भट्टीसमोर फुटला. साहेबही कंटाळून तिकडेच आले, पँट वर दुमडून. मी त्यांना आलूबोंडा दिला.

“ये बाज़ार यहाँ कीचड़ में क्यों है?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कढईभर भजे तळून होईपर्यंत सांगत होतो. शेठ बाजूला उभा राहून ऐकत होता. त्यालाही एक द्रोण दिला, वेगळ्या मिरच्यांचा.

महिनाभरात साहेबांचा हुकूम आला, पुढल्या पोळ्याच्या आत फाटक रुंद करा. पालिकेनं साळ्याच्या बाजूची दोन्ही दुकानं पाडली. मी रोज जाऊन पाहायचो, घण कसा पडतो ते. प्रत्येक घावाला पोटात गार वाटायचं. पण एका दिवशी मजुरांना विचारलं, तुमची मजुरी कोण देते? म्हणाले, पालिका. म्हणजे बांधलं आमच्या पट्टीतून, वाकडं केलं शेठच्या हावरेपणातून, आणि सरळ होणार तेही आमच्याच पट्टीतून. मी सभेत उठून म्हटलं, पाडायची मजुरी शेठनं द्यावी. या खेपेला कोणी हसलं नाही. पण देणारही कोणी नव्हतं. तो घास माझ्या घशात अजून आहे.

म्हणून मी एक केलं. मलबा उचलला त्याच संध्याकाळी, फाटक सोडून कोपऱ्यात जी जागा उरली, जिथं पूर्वी निंबाचं बूड होतं, तिथं भट्टी मांडली. घरचीनं कढई चढवली. शेठ आला, मागं साळा.

“ये मंडळाची जागा आहे. कोणी दिली तुले?”

“तुमीच न, शेठजी. निंबाखाली बोलले होते, दरवाजाजवळचं पहिलं दुकान.”

“मी? कधी? लिखके...” आणि तिथंच त्याची जीभ अडली, कारण चारी बाजूंना माणसं उभी होती आणि सगळ्यांना पुढचे शब्द पाठ होते.

भट्टी अजून तिथंच आहे. शेठ आता काठी घेऊन फिरतो. कधी दिसला की मी मोठ्यानं हाक मारतो, “या शेठजी, गरम आहेत!” गावासमोर नाही म्हणता येत नाही त्याला. खातो. डोळ्यांतून पाणी येतं. मी ग्लास भरतो, पण सावकाश, आधी ग्लास विसळतो, मग पुसतो, मग पुन्हा विसळतो.