कवठे महांकाळची सुट्टी आणि शुभाचं रेडकू

मुलांना सुट्टीत शेतावर नेऊन गुरांची कामं करायला लावावीत का, असं हल्ली बरेच वाचक मला विचारतात. त्यासाठी पैसे भरून राहायची सोयही झाली आहे म्हणे. आम्ही हे फुकटात केलं, बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी, मे महिन्यात. कल्पना आमच्या ह्यांची. नऊ वर्षांची शुभा दप्तरसुद्धा जागेवर ठेवत नाही, गुरांमागे राबली की जबाबदारी कळेल, असं ह्यांनी ठरवलं आणि स्वतः कचेरीचं कारण सांगून साताऱ्यातच राहिले. शुभा, सहा महिन्यांचा बाळू आणि मी, अशी वरात माझ्या नणंदेकडे निघाली.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे टांगेवाल्याशी घासाघीस करण्यातच निम्मा जीव गेला. मिरजेला गाडी बदलायची. तिथे कांदाभजी खाल्ली, फिरकीच्या तांब्यात पाणी भरून घेतलं आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. मिरजेची हिरवाई मागे पडली की नुसतं माळरान आणि बाभळी. आता तिथे रुंद रूळ आलेत, त्यामुळे कोळशाची कणी डोळ्यात जायची भीती उरली नाही. कवठे महांकाळला वन्संचे यजमान बैलगाडी घेऊन आले होते.

वन्संकडे दुष्काळातून वाचलेली एकच म्हैस होती, नुकतीच व्यालेली. दूध सकाळच्या गाडीने मिरजेला जाई. आल्या दिवशीच वन्संनी रेडकाचं दावं शुभाच्या हातात दिलं. "आजपासनं ह्ये तुजं. तूच बघायचं," म्हणाल्या. शुभा हरखली. शेण काढणं, पाणी दाखवणं, सगळं न सांगता करू लागली. धार काढायच्या वेळी रेडकू सोडायचं, त्याच्या ढुसण्यांनी म्हशीला पान्हा फुटला की ओढून खुंट्याला बांधायचं, हेही तिचंच काम. एरवी रेडकासाठी एक सड तरी राखतात. वन्सं राखत नसत.

हळूहळू त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. मी बाळूला पाजत असले की शुभा शेजारी बसून बघत राही. एकदा तिनं विचारलंच, ह्याला पोटभर आणि त्याला का नाही. मी ते वन्संना विचारलं. मादी असती तर वाढवली असती, ह्या कोरडवाहू मुलखात नर कोण पोसतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शुभा त्याला ताक, पेज, भाकरीचा कुस्करा भरवायला बघे. ते नुसती तिची बोटं चोखत राही.

एका सकाळी ते उठलंच नाही. आम्ही सगळे ओसरीवर चहा पीत होतो. सगळ्यांदेखत वन्सं शुभाला म्हणाल्या, "तुज्या हाती दिलं व्हतं. सांभाळलं न्हाईस."

पोर रडलीही नाही. माझं मात्र डोकं फिरलं.

"वन्सं, रेडकू तिनं नाही मारलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. "मंग कुणी? दूध चहात तूबी घेतलंस की."



दोन-तीन दिवसांनी त्याच रेडकाचं कातडं पेंढा भरून गोठ्यात आलं. म्हैस ते चाटे आणि दूध देई. धार निघेपर्यंत ते तिच्यापुढे उभं धरायचं काम वन्संनी शुभालाच सांगितलं. त्याच दिवशीच्या गाडीने आम्ही निघालो. मिरजेला तिनं काही खाल्लं नाही.

पुढे शुभाचं दप्तर खरोखरच जागेवर दिसू लागलं आणि ह्यांनी आपल्या कल्पनेचं कौतुक साऱ्या आळीला ऐकवलं. वन्संचा राग मला अजून येतो, ह्यांचा त्याहून जास्त. ज्यातलं काहीच पोराच्या हातात नाही, त्याचा दोष पोराच्या माथी मारायचा, ह्याला मी जबाबदारी शिकवणं म्हणत नाही. मुलांना जरूर न्या, पण तिथे धार कोण काढतं आणि किती काढतं, ते आधी बघून घ्या.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना मी बाळूला शुभाकडे देऊ लागले. एरवी त्याला माझ्याकडून ओढून घेणारी ती, हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"आधी सांग," ती म्हणाली, "तू ह्याला पोटभर पाजलंयस ना?"