मारीचा व्हिसा आणि आमची आळी

अंगणात सुकट वाळत घातली की मांजरं आपोआप जमतात. तसं कुणाच्या घरी सरकारी कागद आला की आमच्या आळीत किस्से आपोआप जमतात. शेजारच्या हर्षलच्या बायकोच्या व्हिसाचे तर इतके जमलेत की काही विचारू नका!

कोणी म्हणेल, शोभाला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवयच आहे. अहो, माझी ओटी आणि हर्षलच्या आईचं, म्हणजे कमळावहिनींचं अंगण, यांच्यामध्ये कुंपण म्हणून एक शेवग्याचं झाड! डोकवायला लागतच नाही. नुसती मान वळवली की झालं.

तर हर्षल दुबईला हॉटेलात कुक होता. तिथेच साफसफाईच्या कामाला असलेली फिलिपिन्सची मुलगी त्याला आवडली. नाव मारिसेल, आमची मारी. त्याचे वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून तो गावी परत आला आणि आगरदांड्याच्या जेटीजवळ खानावळ टाकली. मागोमाग मारी आली. भात, मासे, नारळ तिच्याकडेही हेच! मला वाटलं, चला, सुटलं सगळं.

सुटतंय कुठलं! तांदूळ एक असला तरी पासपोर्ट वेगळा ना.

*

पहिला घोटाळा आमच्या ह्यांनीच केला.

परदेशी मुलीशी लग्न म्हणजे आधी नोटीस लागते. विवाह नोंदणीच्या ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर कागद: ‘अमुक तमुक यांचा विवाह होणार, कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ आमचे हे एसटीत कंडक्टर होते. सरकारने विचारलं की उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त! त्यांनी एक अर्ज लिहिला, ‘आमची काहीही हरकत नाही, मुलगी चांगली आहे.’ खाली आळीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः जाऊन देऊन आले.

झालं! क्लार्कने त्यावर शिक्का मारला. नोटिशीवर अर्ज आलाय म्हटल्यावर तो साहेबांपुढे ठेवायलाच हवा. साहेब दौऱ्यावर. लग्नाची तारीख पुढे ढकलली.

हर्षल कपाळाला हात लावून आमच्या ओटीवर बसला. ‘‘काका, तुम्ही हरकत घेतली असतीत तर लवकर सुटलो असतो हो!’’

*

लग्न ऑफिसात झालं, मग घरी पुन्हा विधिपूर्वक झालं. आमच्यात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. कमळावहिनींनी हौसेने लिहायला लावलं, ‘माधुरी’. पत्रिकेतही तेच छापलं. फोटोतसुद्धा मारीच्या मागे थर्माकोलवर चकचकीत ‘हर्षल-माधुरी’!

व्हिसा वाढवायला जोडी अलिबागला गेली. लग्न खरं आहे याचा पुरावा हवा म्हणून हर्षलने पत्रिका, फोटो, सगळं पुढे ठेवलं. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी पासपोर्ट बघितला. पत्रिका बघितली. चष्मा वर केला आणि विचारलं, ‘‘मारिसेल ही. मग माधुरी कुठे असते?’’

हर्षल म्हणाला, ‘‘ही पण हीच.’’

‘‘दोन लग्नं केलीत का?’’

‘‘मॅडम, एकीचाच व्हिसा मिळेना, दुसरी कुठून करू!’’

घरी आल्यावर कमळावहिनींनी ते ताट आठवून सुस्कारा टाकला. ‘‘आता काय तांदूळ परत पसरू? र्‍हाऊ दे मारीच!’’ तेव्हापासून माधुरी फक्त थर्माकोलवर उरली.

*

पुन्हा हेलपाटा. बाई म्हणाल्या, नवरा-बायकोचे एकत्र राहतानाचे फोटो आणा. साधे, घरगुती.

हर्षलने मोबाईलमधले निवडून काढून आणले. अंगणात पापड घालताना. नारळी पौर्णिमेला जेटीवर. गणपतीत आरतीला. खानावळीच्या उद्घाटनाला.

बाई एकेक फोटो बघत गेल्या आणि शेवटी विचारलं, ‘‘ह्या मधल्या कोण? प्रत्येक फोटोत आहेत.’’

अहो, मीच! आता अंगणात कोणी फोटो काढायला लागलं तर मी काय पाठ फिरवून उभी राहू? शेजारधर्म काही आहे की नाही! जेटीवर तर मी दोघांच्या मध्ये उभी आहे, मारीच्या खांद्यावर माझा हात आणि हर्षलचं अर्धं तोंड माझ्या गजऱ्याने झाकलेलं.

‘‘पुढच्या वेळी,’’ बाई म्हणाल्या, ‘‘ह्यांच्याशिवाय एक तरी आणा!’’

मी महिनाभर फोटोत आले नाही. काय सोसलं ते माझं मला माहीत.

*

मग नंदाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. नंदा म्हणजे पलीकडच्या घरातली, पार्लरवाली. त्यात सांगितलं होतं की तिकडे अमेरिकेत साहेब लोक नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारतात, नवऱ्याचा टूथब्रश कुठल्या रंगाचा? चुकलं की लग्न खोटं!

आमच्या आळीत खळबळ! चौकशीला माणूस आला आणि आमच्यापैकी कोणाला विचारलं तर? सगळ्यांनी पाठ केलं. हर्षलचा निळा, मारीचा हिरवा. तो कडेला झोपतो, ती भिंतीकडे. त्याला चहात साखर दोन चमचे, ती चहा पीतच नाही.

आठवड्याने चौकीवरचे हवालदार सायकल ढकलत आले. मी ओटीवरच होते. ते नुसते थांबले, घाम पुसला, तोंड उघडलं…

‘‘त्याचा निळा, तिचा हिरवा!’’ मी म्हटलं.

हवालदार दोन पावलं मागे सरले. ‘‘ताई, पाणी मिळेल का, एवढंच विचारणार होतो!’’

*

माझी बहीण सुमन शेजारच्या तालुक्यात, तळा गावी असते. तिने मारीला हळदीकुंकवाला बोलावलं, एक रात्र राहाच म्हणाली. तिचे यजमान फार घाबरट. परदेशी माणूस घरी उतरला तर पोलिसांना कळवावं लागतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मारी हातपाय धुवून बसते न बसते तोच यजमान चपला घालून चौकीत हजर!

‘‘आमच्याकडे परदेशी बाई आली आहे.’’

ड्युटीवरच्या माणसाने विचारलं, ‘‘कुठून आली?’’

यजमान घाबरून म्हणाले, ‘‘आगरदांड्याहून.’’

‘‘काका, आगरदांडा अजून आपल्याच तालुक्याच्या शेजारी आहे! घरी जा आणि पाहुणीला जेवायला वाढा.’’

यजमान परत आले तर पाहुणी त्यांच्याच चुलीपुढे बसून सुमनला भाकरी कशी थापायची ते शिकवत होती. कमळावहिनींच्या हाताखालची ना!

*

हाताखालची म्हणजे दोघी गुण्यागोविंदाने नांदायच्या असं समजू नका. मारीला माशाच्या कालवणात व्हिनेगर हवं, वहिनींना कोकम. रोज वाद! मारीचं मराठीही वहिनींच्याच तोंडून उचललेलं, त्यामुळे भांडणात दोन्हीकडून एकच आवाज यायचा. ‘‘न्हाय म्हंते ना!’’ ‘‘व्हय म्हंते ना!’’ डोळे मिटून ऐकलं तर कोण सासू नि कोण सून कळायचं नाही.

पण मागच्या पावसाळ्यात मारीची आई आजारी पडली. मारी फोन घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसली. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, पुढचा अर्ज अडकलेला. आत्ता गेली तर परत यायचं सगळं पहिल्यापासून, आणि मिळेल की नाही कोण सांगणार? लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कायमचं कार्ड मिळतं, त्यावर कितीही वेळा जा-ये करता येते. पण त्यासाठी पोलिसांनी घरी येऊन लग्न खरं आहे असं लिहून द्यायला हवं.

‘‘काकी,’’ ती म्हणाली, ‘‘मी गेलं तर हर्षल जातंय हातातून. न्हाय गेलं तर आय.’’

मी नुसता पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. सल्ला न देता! आळीतल्या कोणालाही विचारा, असं कधी झालेलं नाही.

तेवढ्यात कमळावहिनी पदराला हात पुसत आल्या. तिच्या हातातून फोन घेतला आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्या विहीणबाईंना ताजी सुरमई दाखवली. तिकडून विहीणबाईंनी उशीवरून उठून कोणाला तरी हाक मारली आणि त्यांच्याकडचा मासा दाखवला. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. दोघी अर्धा तास बोलल्या. फोन ठेवून वहिनी म्हणाल्या, ‘‘तिच्या आयशीला सांग, पोर माझ्याकडे हाय. आणि व्हिनेगर घाल आज, घाल मेल्ये!’’

*

आणि आता गौरीचा किस्सा. मारीचा व्हिसा कसाबसा वाढला, ती इथेच राहिली, लग्नाला दोन वर्षं भरली आणि कार्डाचा अर्ज गेला.

आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या की त्या वर्षी सुनेने सुपं भरून गौरीपुढे ओवसायची, मग मोठ्यांना नेऊन द्यायची. तो योग नेमका यंदा आला. पण पहिली पाच सुपं माहेरून यायची असतात. मारीचं माहेर समुद्रापलीकडे, आई अंथरुणावर.

कमळावहिनी आत जाऊन बसल्या. पण मला काय, मान वळवली की दिसतं! कोपऱ्यात रिकामी सुपं घेऊन बसल्या होत्या. मी त्यातलं एक उचललं. दुसरं नंदाने नेलं. तिसरं तिच्या सासूने. चौथं समोरच्या रझियाभाभींनी, त्यांचे मालक कुवेतला असतात. पाचवं आमच्या ह्यांनी, ‘‘मी वेगळं देणार,’’ म्हणून हटूनच. काकडी, नारळ, केळी, रानातली पानं, सगळं भरून पाचही सुपं वाजतगाजत गेली. रझियाभाभींच्या सुपात खजूर होते.

पूजेच्या दिवशी मारी हिरवी साडी नेसली. आधी छातीवर क्रॉस केला, मग गौरीला हात जोडले. वहिनी म्हणाल्या, ‘‘दोघंपण बघतायत तर बघू दे.’’

आणि त्याच वेळी दारात फौजदार साहेब!

‘‘गणपतीच्या बंदोबस्ताला आलोच होतो,’’ ते म्हणाले, ‘‘म्हटलं ती कार्डाची चौकशी उरकून टाकू. दोन शेजारी साक्षीला हवेत. पण नातेवाईक चालणार नाहीत.’’

ह्या क्षणाची मी दोन वर्षं वाट बघत होते! पुढे सरसावले. नाव सांगितलं, घर दाखवलं. ‘‘नातं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काही नाही, नुसती शेजारीण,’’ असं म्हणून ठसठशीत सही केली. हर्षल खांबाला टेकून उभा होता, त्याच्या तोंडावर जरा रंग आला.

तेवढ्यात मारी सूप घेऊन आली, सरळ माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, ‘‘आये, ओवसा घे.’’

साहेबांनी पेन थांबवलं. ‘‘मावशी, नातं काही नाही म्हणालात ना?’’

‘‘नाहीच! फक्त सूप माहेरचं लागतं, म्हणून मी आपलं एक…’’

‘‘म्हणजे तुम्ही माहेर.’’

‘‘तेवढ्यापुरतं.’’

साहेबांनी माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. ‘‘तुमची साक्ष बाद. दुसरं कोणी?’’

नंदा पुढे आली. तिला विचारलं, तुम्ही सूप दिलंत का? नंदाने खाली बघितलं. तिची सासू बाद. आमचे हे छाती काढून म्हणाले, ‘‘ही आई, तर मी बाप झालो ना!’’ बाद. साहेब मोठ्या आशेने रझियाभाभींकडे वळले.

‘‘चौथं सूप माझं,’’ भाभी म्हणाल्या. ‘‘खजूर खाऊन बघा, साहेब.’’

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. हर्षलचा चेहरा पुन्हा उतरला. मारी रिकाम्या हातांनी मध्येच उभी.

‘‘अहो, ह्या आळीत एक तरी परका माणूस आहे का?’’

चुलीपुढून कमळावहिनी कालथा घेऊन बाहेर आल्या. ‘‘मला लिवून घ्या परकी! माझं घावन जाड म्हंते, सकाळपासून बोलत न्हाय माझ्याशी!’’

‘‘जाडच हाय!’’ मारी ओरडली.

‘‘न्हाय म्हंते ना!’’

‘‘व्हय म्हंते ना!’’

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग कागदावर ‘लग्न खरं आहे’ असं लिहून पेनाला टोपण लावलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि हर्षलला म्हणाले, ‘‘एक पाट मांड. जाड की पातळ, ते मी सांगतो.’’