फत्तेमारीवरची हरकत

वासंतीबाईंचं डोकं फिरलं ते एका कपाटावरून. रत्नागिरीच्या त्या छोट्या वाचनालयात एकतीस वर्षं त्यांनी पुस्तकं दिली-घेतली, वाळवी काढली, सभांची इतिवृत्तं लिहिली. आणि आता अध्यक्ष देवदत्तराव म्हणत होते, त्या कपाटातले जुन्या इंग्रजी शब्दकोशाचे बारा खंड रद्दीत घालू आणि तिथे स्पर्धापरीक्षांची पुस्तकं लावू.

"बाई, अख्ख्या वर्षात कोणी हात लावलाय त्याला?"

"मी लावते की. रोज."

"फडक्याने!" देवदत्तराव हसले. आंब्याच्या बागा सांभाळणारा माणूस. जे कलम धरत नाही ते तोडायचं, एवढं त्यांना ठाऊक. "शनिवारी सभेत एक तरी उपयोग दाखवा. नाहीतर रविवारी रद्दीवाला येतोय."

एक तरी उपयोग म्हणे! बाई त्या दिवशी धड जेवल्यासुद्धा नाहीत. दोन दिवस खंड चाळले तेव्हा त्यांना 'पॅटॅमार' सापडला. आज इंग्रजांनाही ठाऊक नसेल असा शब्द. मूळ हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचा, नेमका कुठल्या भाषेतला याबद्दल एकमत नाही. पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला. आधी अर्थ होता पायी टपाल पोचवणारा जासूद, पुढे किनाऱ्याने माल वाहणारं शिडाचं चपळ जहाज. म्हणजे आपली फत्तेमारी! आपला किनारा त्या पुस्तकात जाऊन बसलेला, आणि हे लोक त्याची रद्दी करणार.

साक्षीला त्यांनी रघू तांडेलांना गाठलं. मूळचे बुरोंडीचे, वय चौऱ्याऐंशी, तरुणपणी फत्तेमारीवरून कौलं वाहिलेले. आता इथे लेकीकडे राहत. त्यांना पढवण्यात बाईंचा शुक्रवार गेला.

"तुम्ही एवढंच म्हणायचं, की कोशात लिहिलंय ते खरं आहे."

"बरं गो बाय."

"दुसरं काही नाही."

"नाय म्हटलं ना! चहा घे."

शनिवारी बाईंनी सभेत नोंद मराठीत वाचून दाखवली. 'चपळ' ऐकताच तांडेलांची मान वर झाली.

"कोन म्हनतो चपळ?"

"रघूभाऊ!" बाईंनी डोळे वटारले.

"कौलं भरल्यावर ती गाभण म्हशीसारखी चालायची! लिवणारा बसला होता काय कधी तिच्यावर?"

झालं! बाईंना वाटलं, आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. तेवढ्यात खजिनदारांना गुहागरचे आजोबा आठवले. त्यांची फत्तेमारी म्हणे वाऱ्यासारखी जायची.

"रिकामी असंल," तांडेल म्हणाले.

कोणी विचारलं शिडं किती, कोणी म्हणालं डोलकाठ्या तीन. देवदत्तराव स्वतः उठून फळ्यावर जहाज काढू लागले, तर "ही फत्तेमारी हाय की पोळपाट?" म्हणत तांडेल ते पुसू लागले. तास गेला. कपाटाचं कोणी नाव काढेना, सभेसाठी आणलेले पोहे निवत चालले. बाईंचं डोकं भणभणलं. एकतीस वर्षं हेच! विषय एक, बोलणी सतरा, आणि शेवटी निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याचा.

मग त्यांच्या लक्षात आलं, पेन आपल्याच हातात आहे. या वाचनालयात बोललेलं कोणी धरत नाही. इतिवृत्तात उतरून सही झाली, की मात्र अध्यक्षालाही ते मोडता येत नाही. त्यांनी भराभरा लिहिलं आणि उभं राहून वाचलं, "शब्दकोशातील नोंदीस रघू तांडेल यांची हरकत. सभासदांत मतभेद. खुलासा होईपर्यंत सर्व खंड जागेवर ठेवावेत."

"एका शब्दासाठी बारा खंड?" देवदत्तरावांच्या हातात अजून खडू होता.

"एका पानावर हरकत निघाली, तर बाकीची तपासायला नकोत?"

"आणि किती दिवस तपासणार?"

"तुमचं जहाज पुरं होईपर्यंत."

सगळे हसले. देवदत्तरावांनी एकदा पोह्यांकडे पाहिलं आणि सही ठोकली. मागोमाग बाकीच्यांनीही.

पायऱ्या उतरण्याआधी तांडेल हळूच म्हणाले, "बाय, मी चुकलो काय गो?"

"चुकलात! साफ चुकलात!" बाई कडाडल्या. "पुढच्या सभेलाही या. आणि त्या जासुदाबद्दल काय म्हणायचंय ते आधी मला सांगा."

"जासूद? त्यो कोन?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.