कोरमच्या पुढची ओळ

मी गाव सोडलं त्या सकाळी पप्पा माझी बॅग मांडीवर घेऊन हसनाबादच्या स्टँडवर बसल्ते. गाडी लेट होती. मी रडले न्हाई, पप्पाबी न्हाई. गाडी आली तवा बॅग वर देत एवढंच बोलले, "तू वाचलं ते बराबर वाचलं, माय. फक्त पुढची ओळ राह्यली."

कोणती ओळ, ते गावातल्यांना माहीत हाय. पण माझ्यासारखे जे पुण्याला, सुरतला गेलेत, त्यांच्यासाठी टाइप करून राह्यले, जल्दी जल्दी, लंच ब्रेक संपायच्या आत.

आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपल्ती, निवडणूक लागली न्हाई, आन् प्रशासक बसला. मोठ्यांना टेन्शन. विहाराच्या अभ्यासिकेतल्या आम्हा सहा-सात पोरापोरींना वाटलं, हाच चान्स हाय. खुर्चीवर आपला-परका कोणी न्हाई, तर आता ग्रामसभा खरी होईल. बाया पुढं बसतील, ठराव मोठ्यानं वाचतील. तेवढ्यात कळलं, आमच्या वस्तीची पाण्याची पाइपलाइन नव्या आराखड्यातून काढलीय.

आमच्याकडं पद्धत अशी, की ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच शिपाई नामदेव काका हजेरीचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरणार. चुलीपाशी सही, गोठ्यात अंगठा. झाली सभा. मी मोबाइलवर नियम काढला, विहारात सगळ्यांपुढं वाचला. ठरल्या आकड्याएवढी माणसं न्हाई आली तर कोरम न्हाई, कोरम न्हाई तर सभा तहकूब. मंग ठरलं. पाइपलाइन परत आराखड्यात येत न्हाई तोवर वस्तीतून सहीबी न्हाई आन् हजेरीबी न्हाई.

काका आमच्या दारात आले. "दे ना माय सही. संविधान काय पळून चाललंय का? माझी म्हैस खोळंबलीय धारेची." सगळे हसले. सही कोणी दिली न्हाई.

वस्तीच्या सह्यांबिगर आकडा भरला न्हाई, सभा तहकूब झाली. आम्ही वस्तीत जिलेबी वाटली. मला खरंच वाटलं, लोकशाही म्हणतात ती हीच.

आठ दिवसांनी तहकूब सभेची नोटीस लागली. आम्ही गेलोच न्हाई. म्हटलं, कोरम आणतील कुठून? तर नियमात पुढची ओळ होती. तहकूब झालेली सभा परत भरली की तिला कोरम लागतच न्हाई. चौदा माणसं होती म्हणे. पाव तासात आराखडा पास. सगळं कायद्यानं.

ती ओळ स्क्रीनच्या खाली होती. मी स्क्रोल केलं न्हाई.

मला कोणी काहीच बोललं न्हाई, तेच अवघड गेलं. आई पहिल्यासारखीच घागर घेऊन दुसऱ्या आळीच्या हापशावर जात राह्यली. तिथं तिला कोणी टोमणा मारला की म्हणायची, "पोरगी शिकलीय माझी, येईल पाणी." ते ऐकायला नको म्हणून मी महिनाभरात जॉब धरला.

आता पुण्यात एका कंपनीत फॉर्म चेक करते. टीम लीड म्हणतो, तू लई स्लो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचते ना. रूमवर नळाला चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत उभी राह्यले. वाटलं काहीच न्हाई. अजूनबी न्हाई वाटत.

गेल्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या सागरनं ग्रुपवर फोटो टाकला. परत ग्रामसभा. प्रशासक हायेच, पाइपलाइन न्हाईच. पण शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत आई, बाजूला रिकामी घागर. सागरनं लिहिलं, रजिस्टर पुढं आलं तवा तुझी आई ग्रामसेवकाला म्हणली, "साहेब, आधी वाचा. शेवटपर्यंत वाचा. मंग अंगठा." साहेब दीड तास वाचत होते.

सगळ्यांनी हार्ट टाकले. मी फोटो मोठा केला, घागर बघितली, फोन पालथा ठेवला.

मतदार यादीत माझं नाव अजून गावातच हाय. रूममेट म्हणते, इकडं घे बदलून, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. मी तो फॉर्म उघडते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आन् बंद करते. घर म्हंजी सध्या मला एवढंच उरलंय. एक यादी, तिच्यात पप्पा, आई आन् मी, एकाखाली एक.