जावयाचा गुलाबी फेटा

पत्नी गेल्यापासून मी चुरगळलेलेच कपडे घालत होतो. आज सुनेने सदऱ्याला खळ घालून इस्त्री केली आणि त्या ऊन वासाने मला निजामाच्या काळातल्या आमच्या साखरा गावात नेले.

आई जाऊन वर्षही झाले नव्हते. पन्नाशीतले वडील खळ घातलेला गुलाबी फेटा बांधून औंढ्याच्या जत्रेला निघाले, तोच शेजारी हसला, "काहो नवरदेव, दुसरी पाहायला निघाले का?"

वडील फेटा सोडू लागले. आमच्याकडे राहायला आलेली आईची आई जावयाशी कधी समोर येऊन बोलत नसे. ती बाहेर आली.

"काहून सोडता, जावईबापू? माझ्या लेकीला तुमी असेच आवडायचे."

वडिलांचे डोळे भरले. शेजाऱ्याचे बोलणे फार लागले, असे मला तेव्हा वाटले होते.